भुदरगडच्या जागा, मुंबई-पुण्याचे ग्राहक: एजंटांसाठी वेबसाइट आणि ऑनलाइन जाहिरातीचे मार्गदर्शन

गारगोटी आणि भुदरगड तालुक्यात जागा शोधणारा ग्राहक बहुतेक वेळा गारगोटीत नसतो. कापड गिरण्यांच्या काळापासून या डोंगरी भागातली माणसे मुंबईला गेली, पुढे पुण्याला गेली. त्यांची मुले-नातवंडे आता गावाकडे घरापुरती जागा पाहतात. दुसरा ग्राहक जवळचा असतो: श्री मौनी विद्यापीठाच्या संस्थांमुळे आलेले शिक्षक, भाड्याने खोली शोधणारे विद्यार्थी, लष्करातून निवृत्त होऊन तालुक्याच्या ठिकाणी स्थायिक होणारे. तिसरा कोल्हापूर-पुण्याकडचा, पाटगाव-कडगावच्या बाजूला डोंगराजवळ शेतजमीन हवी असणारा. तिघांचे प्रश्न वेगळे असले तरी लांबून बघणाऱ्याची अडचण एकच असते. त्याला जागा आवडते, पण ती कागदोपत्री स्वच्छ आहे का हे त्याला कळत नाही, आणि तेवढ्यासाठी एसटीने किंवा गाडीने येऊन जाणे त्याला परवडत नाही.

‘वेबसाइट हवीच का’, ‘फेसबुक पेज पुरत नाही का’, ‘शेतजमिनीच्या जाहिरातीला महारेरा नंबर लागतो का’, ‘पैसे भरून जाहिरात करावी का’ हे प्रश्न एजंटांकडून पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांचा पैसा वाया जातो तो जाहिरातीवर आधी आणि माहितीवर नंतर खर्च केल्यामुळे.

पहिले काम: गुगल नकाशावरची नोंद

वेबसाइटच्या आधी गुगल बिझनेस प्रोफाइल तयार करावे. ते मोफत असते आणि ‘गारगोटी प्लॉट एजंट’ असे शोधणाऱ्याला नकाशावर कार्यालयाचे नाव, फोन, वेळ आणि अभिप्राय एकत्र दिसतात. पडताळणीसाठी गुगल अनेकदा कार्यालयाचा, पाटीचा आणि आसपासच्या रस्त्याचा व्हिडिओ मागते, म्हणून पाटी लावल्यावरच नोंद करावी. घरूनच काम करणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो.

येथे तीन चुका नेहमी होतात.

- व्यवसायाच्या नावात ‘स्वस्त प्लॉट गारगोटी कोल्हापूर’ असे शब्द कोंबणे. पाटीवर जे नाव आहे तेच लिहावे. नाहीतर नोंद स्थगित होऊ शकते.
- विक्रीच्या प्रत्येक प्लॉटसाठी वेगळी नोंद करणे. विकाऊ किंवा भाड्याच्या मोकळ्या मालमत्तेची स्वतंत्र नोंद गुगलच्या नियमांत बसत नाही. नोंद एजंटाच्या कार्यालयाची असते.
- सवलत किंवा भेटवस्तू देऊन अभिप्राय लिहून घेणे, किंवा नातेवाइकांकडून एकाच दिवशी दहा अभिप्राय टाकून घेणे. दोन्ही नियमाबाहेर आहे, आणि वाचणाऱ्यालाही ते ओळखू येते.

व्यवहार पूर्ण झाला की, म्हणजे खरेदीखत नोंदले गेले आणि फेरफाराचा अर्ज झाला की, ग्राहकाकडे अभिप्राय मागावा. ‘चांगली सेवा’ या दोन शब्दांपेक्षा ‘मुंबईहून दोनदाच यावे लागले, बाकी कागद व्हॉट्सॲपवर आधी दाखवले’ असा अभिप्राय पुढच्या ग्राहकाच्या उपयोगी पडतो.

वेबसाइट: कोणाला हवी आणि कोणाच्या नावावर

वर्षाला दोन-चार व्यवहार करणाऱ्याला आणि बहुतेक ग्राहक ओळखीतून मिळणाऱ्याला वेबसाइटची घाई नाही. गुगलची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेस त्याला पुरते. एका वेळी दहा-पंधरा जागा हातात असतील, प्लॉटिंगच्या प्रकल्पाचे काम असेल किंवा ग्राहक मुख्यतः बाहेरगावचे असतील, तर मात्र स्वतःची वेबसाइट लागते. फेसबुकवरची पोस्ट आठवड्यात खाली जाते आणि जुनी पोस्ट शोधून सापडत नाही. वेबसाइटवर प्रत्येक जागेचे कायमचे पान असते आणि त्याचा दुवा कोणालाही पाठवता येतो.

वेबसाइट करून देणाऱ्याशी बोलताना सर्वाधिक वाद मालकीवरून होतात. पुढील गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात:

- डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, एजंटाच्या स्वतःच्या नावावर, ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर नोंदलेले असावे. करून देणाऱ्याच्या खात्यावर घेतलेले नाव नंतर सोडवून घेणे कठीण जाते.
- होस्टिंगचा आणि वेबसाइटच्या मुख्य व्यवस्थापक खात्याचा पासवर्ड हाती असावा.
- नूतनीकरणाचा वार्षिक खर्च किती आणि तो कोण भरणार हे लिहिलेले असावे. पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर दुसऱ्या वर्षी राहत नाही.
- नवी जागा टाकणे, विकलेली काढणे हे एजंटाला स्वतः मोबाइलवरून करता आले पाहिजे. प्रत्येक बदलासाठी कोल्हापूरला फोन करावा लागत असेल तर वेबसाइट दोन महिन्यांत शिळी होते.

डोमेन छोटे, फोनवर सांगता येईल असे आणि रोमन लिपीत असावे. देवनागरीतले ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून मिळते. ते जोडीला घ्यायला हरकत नाही, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये, कारण बहुतेक ग्राहक नाव रोमन अक्षरांतच टंकतात. वेबसाइट मोबाइलवर आधी नीट दिसावी, संगणकावर कशी दिसते हे दुय्यम. डोंगराच्या बाजूला नेटवर्क कमी असते. तेथे उघडताना अडकणारे मोठे फिरते चित्र, पार्श्वसंगीत आणि पडदा झाकणाऱ्या खिडक्या ग्राहकाला परत पाठवतात. फोन आणि व्हॉट्सॲपचे बटण प्रत्येक पानाच्या तळाशी स्थिर असावे.

मराठी मजकूर शोधात येण्यासाठी

फ्लेक्स आणि हँडबिल करणाऱ्या डीटीपी दुकानांत अजूनही जुन्या पद्धतीचे फाँट वापरले जातात. त्या फाँटमधला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की निरर्थक अक्षरे उमटतात. मग उपाय म्हणून अख्खे हँडबिलच चित्र म्हणून टाकले जाते. चित्रातले शब्द हा पानाचा मजकूर ठरत नाही, त्यामुळे शोधणाऱ्यापर्यंत ते पान सहसा पोहोचत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. मोबाइलच्या मराठी कळफलकावर टंकलेले सगळे युनिकोडच असते.

गावांच्या नावांची अडचण याहून मोठी आहे. ‘गारगोटी’ असा नुसता शोध घेतला तर दगडांची माहिती आणि सिन्नरचे गारगोटी खनिज संग्रहालय समोर येते. ‘खानापूर’ भुदरगडात आहे, सांगली जिल्ह्यात आहे आणि बेळगावकडेही आहे. पिंपळगाव तर राज्यभर आहेत. म्हणून प्रत्येक पानाच्या शीर्षकात गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही लिहावेत: ‘खानापूर (ता. भुदरगड, जि. कोल्हापूर) येथे बिगरशेती प्लॉट’. त्याखाली तेच शीर्षक रोमन अक्षरांतही द्यावे, कारण मराठी ग्राहकसुद्धा शोध घेताना बऱ्याचदा ‘गारगोटी एन.ए. प्लॉट’ हे शब्द इंग्रजी कळफलकावर टंकतो.

गावनिहाय एक-एक माहितीचे पान करता आले तर उत्तम. कूर, मिणचे, शेणगाव, कडगाव, पाटगाव, मुदाळतिट्टा या प्रत्येकासाठी गारगोटी बसस्थानकापासूनचे अंतर, एसटीच्या फेऱ्या, शाळा, दवाखाना, पाण्याची सोय आणि जुलै महिन्यात रस्ता बंद पडतो का, एवढे दोन परिच्छेद पुरेत. हे कोणत्याही मोठ्या पोर्टलवर मिळत नाही. स्थानिक एजंट मोठ्या कंपनीच्या पुढे जाऊ शकतो तो याच ठिकाणी.

एका जागेचे पान

वेबसाइटचा खरा उपयोग या पानावर ठरतो. ‘निसर्गरम्य परिसर, गुंतवणुकीची सुवर्णसंधी’ हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असल्यामुळे कोणी वाचत नाही. दूरचा ग्राहक सातबारा पाहू इच्छितो. पान त्याच्या प्रश्नांच्या क्रमाने लिहावे.

क्षेत्र. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, बोलणे गुंठ्यात होते आणि शहरातला ग्राहक चौरस फुटांत विचार करतो. तिन्ही आकडे द्यावेत. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर किंवा सुमारे १,०७६ चौरस फूट. व्यवहारात आर आणि गुंठा एकच धरले जातात, पण १० आर म्हणजे ९.८८ गुंठे. दहा गुंठ्यांच्या दराने दहा आर विकले तर सुमारे १२६ चौरस फुटांचा फरक पडतो, आणि मोजणीच्या दिवशी त्यावरून भांडण होते.

भूधारणा. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे स्पष्ट लिहावे. वर्ग २ च्या जमिनीच्या विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ती मिळालेली नसताना ‘ताबडतोब खरेदी’ असे लिहिणे म्हणजे पुढचा वाद आताच लिहून ठेवणे.

इतर हक्क आणि बोजा. विकास सेवा सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज, कुळाची नोंद, वारसांची प्रलंबित नोंद हे सगळे सातबाऱ्यावर दिसतेच. लपवून उपयोग नाही. ‘सोसायटीचा बोजा आहे, खरेदीपूर्वी मालक फेडून कमी करून देणार’ असे आधीच लिहिले तर ग्राहक थांबतो. तोच बोजा त्याला स्वतः सापडला तर तो फोन उचलणे बंद करतो.

रस्ता. नकाशावरचा रस्ता, पाणंद की शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाटीची वाट, हे तीन वेगळे प्रकार आहेत. रुंदीही द्यावी. गाडी जागेपर्यंत जाते की शेवटचे काही अंतर चालावे लागते, तेही.

पाणी आणि पूर. विहिरीत हिस्सा आहे का, पाणीपुरवठा संस्थेचे सभासदत्व जमिनीबरोबर मिळते का, वीजजोडणी शेतीची की घरगुती, हे लिहावे. वेदगंगेच्या काठची जागा असेल तर पूररेषेचा उल्लेख टाळू नये. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर निर्बंध असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न पहिल्या पाचात विचारला जातो.

किंमत. ‘किंमत फोनवर’ असे लिहिल्याने चौकश्या वाढतात, पण त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतात. दर गुंठ्याला की एकरकमी, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी कोणाकडे, एजंटाची दलाली किती आणि कोणाकडून, हे एका ओळीत सांगावे. भाव बोलणीचा असेल तर ‘बोलणी शक्य’ असा शब्द आहेच.

तारीख. माहिती शेवटची कधी तपासली ते पानावर असावे. विकलेली जागा लगेच ‘विकली’ म्हणून दाखवावी. ग्राहक खेचण्यासाठी विकलेली स्वस्त जागा तशीच ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती दिशाभूल आहे आणि तक्रारीला कारण होऊ शकते.

गट नंबर द्यावा की नाही यावर एजंटांत नेहमी मतभेद असतात. नंबर दिला की ग्राहक थेट मालकाला गाठेल ही भीती खरी आहे. पण नंबर लपवणे हा तिचा कच्चा उपाय आहे, कारण गावात जागा कोणाची हे अर्ध्या तासात कळते. मालकाशी मुदत, दलालीचा दर आणि ‘या मुदतीत एजंटाने आणलेल्या ग्राहकाशी व्यवहार झाल्यास दलाली देय’ हे कलम असलेला लेखी करार केला तर नंबर उघड करण्यात धोका राहत नाही. मालक करारास तयार नसेल तर पानावर बाकी सगळे द्यावे आणि गट नंबर पहिल्या फोननंतर पाठवावा. मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागा वेबसाइटवर टाकू नये, हे दोन्ही बाबतींत लागू आहे.

कागदपत्रांपैकी सातबारा, आठ-अ, फेरफार हे अभिलेख मुळातच पाहायला खुले असतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, तोच पानावर जोडावा; प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’वर दिसतात. जुने खरेदीखत किंवा आधार, पॅन असलेले कागद मात्र वेबसाइटवर चढवू नयेत. ते ग्राहक गंभीर आहे असे दिसल्यावर, अंक झाकून दाखवावेत.

छायाचित्रे भरपूर नकोत, योग्य हवीत. रस्त्यावरून जागेत शिरताना, चारही सीमा, वीजखांब, विहीर, आणि जागेतून चारी दिशांना दिसणारे दृश्य. पावसाळ्यातले हिरवे चित्र आकर्षक दिसते. त्याच्या शेजारी एप्रिलमधले एक टाकावे. गारगोटी बसस्थानकापासून जागेपर्यंतच्या प्रवासाचा न कापलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, वेग वाढवून का होईना, पंचवीस फोटोंपेक्षा जास्त सांगतो. ड्रोन वापरायचा असेल तर डिजिटल स्कायच्या नकाशावर क्षेत्र तपासावे आणि अधिकृत चालकाकडूनच काम करून घ्यावे.

जाहिरातीतले धोक्याचे शब्द

काही वाक्ये तालुक्यात इतकी रुळली आहेत की ती खोटी ठरू शकतात हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

- ‘एन.ए. प्लॉट’ आणि ‘एन.ए. होणारा प्लॉट’ यांत मोठे अंतर आहे. बिगरशेतीची सनद किंवा आदेश हातात असेल तरच पहिले लिहावे, आणि आदेशाची तारीख द्यावी.
- ‘गावठाणापासून २०० मीटरच्या आत, एन.ए.ची गरज नाही.’ महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मध्ये अशा जमिनीसाठी सोपी पद्धत होती, पण तीतही आकारणी भरून सनद घ्यावी लागत असे. सध्याची पद्धत तहसील कार्यालयात विचारून मगच जाहिरातीत लिहावे.
- ‘कोणीही घेऊ शकतो.’ शेतजमीन असेल तर हे चूक आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मुंबईतल्या ग्राहकाला पहिल्याच फोनवर त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर सातबारा आहे का, हे विचारावे.
- ‘पाच गुंठे शेतजमीन, स्वतंत्र खरेदीखत.’ तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत, म्हणजे वेगळे विकता येणारे किमान, क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे झाले. २०२५ मध्ये ठरावीक क्षेत्रांतील जुन्या व्यवहारांना सवलत देणारे बदल झाले. सवलत त्या विशिष्ट गटाला लागू आहे का हे तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून मगच जाहिरात करावी.
- ‘बँक कर्ज उपलब्ध.’ कोणत्या बँकेने त्या प्रकल्पाला किंवा जागेला मान्यता दिली ते सांगता येत असेल तरच.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात भुदरगडमधील गावे आहेत. पाटगाव-कडगावकडची जागा रिसॉर्टसाठी म्हणून विकताना ते गाव मसुद्यात आहे का, हे पानावर असावे. याचा अर्थ जमीन विकता येत नाही असा नाही. पण घेणारा ज्या कामासाठी घेतो ते करता येईल की नाही, हे त्याला घेण्याआधी कळले पाहिजे.

महारेरा: कोणत्या जाहिरातीला नंबर लागतो

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ महाराष्ट्रात महारेरा या नियामक प्राधिकरणामार्फत १ मे २०१७ पासून लागू झाला. गोंधळ मिटवण्यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

पहिला, प्रकल्पाचा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असलेला प्लॉटिंगचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा नियोजन क्षेत्रातील प्रकल्प नोंदणीशिवाय जाहिरातीत आणता येत नाही. नोंदणी नसलेल्या अशा प्रकल्पाची विक्री करून देण्यास एजंटालाही मनाई आहे. ‘मी फक्त पोस्ट शेअर केली’ हा बचाव ठरत नाही.

दुसरा, एजंटाचा. अशा प्रकल्पातील प्लॉट किंवा सदनिका विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी हवी. व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये आहे आणि नोंदणी पाच वर्षे चालते. त्यासाठी आता महारेराचे प्रशिक्षण पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. नोंदणीशिवाय काम केल्यास कलम ६२ प्रमाणे दिवसाला १०,००० रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकऱ्याची एकटी शेतजमीन, जुने घर, भाड्याची खोली यांची मध्यस्थी कलम ९ च्या शब्दांत बसत नाही. मात्र बहुतेक एजंट दोन्ही कामे करतात, म्हणून नोंदणी घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड असणे आवश्यक आहे. २०२५ मध्ये हा तपशील जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात, ठळक आणि वाचता येईल अशा आकारात देण्याचे आदेश निघाले. उल्लंघनाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. फेसबुक पोस्ट, रील, व्हॉट्सॲप स्टेटस ही सगळी जाहिरातच समजावी. विकासकाने पाठवलेल्या चित्रात नंबर नसेल तर ते पुढे पाठवण्यापूर्वी परत मागावे.

व्हॉट्सॲप आणि फेसबुक

व्यवसायासाठी वेगळा नंबर आणि व्हॉट्सॲप बिझनेस वापरावे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक जागा, किंमत आणि वेबसाइटवरच्या पानाचा दुवा टाकता येतो. ‘शेतकरी दाखला आहे’, ‘भेट ठरली’, ‘मे महिन्यात येणार’ अशी लेबले लावली की चौकश्या हरवत नाहीत. ब्रॉडकास्ट संदेश फक्त ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. म्हणून पहिल्याच संभाषणात नंबर जतन करायला सांगावे.

गावकऱ्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, मुंबईस्थित मंडळांच्या ग्रुपांत रोज जाहिरात टाकणे उलटते. महिन्यातून एकदा उपयोगी माहिती, जसे की मोजणीचा अर्ज कसा करावा किंवा वारसनोंद कशी लावावी, आणि तिच्या शेवटी कार्यालयाचे नाव, एवढे पुरते.

फेसबुक पेजला दोन विश्वासू व्यवस्थापक आणि दुहेरी पडताळणी असावी. एकाच मोबाइलवर अवलंबून असलेले पेज मोबाइल हरवला की हातचे जाते.

पैसे भरून जाहिरात

वेबसाइटवर निदान पाच जागांची पूर्ण पाने तयार होईपर्यंत यावर खर्च करू नये. नंतर फेसबुक-इन्स्टाग्रामवरची, दाबताच व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात थोड्या पैशांत करून पाहावी. क्षेत्र निवडताना ‘संपूर्ण महाराष्ट्र’ नको. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर शहर अशी ठिकाणे निवडून प्रत्येकाची जाहिरात वेगळी लावली की चौकश्या कुठून येतात ते कळते. मे महिन्याची सुटी आणि गणेशोत्सव हे चाकरमान्यांचे गावी येण्याचे दिवस. जाहिरात त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि मजकुरात ‘सुटीत जागा पाहण्याची वेळ आधी ठरवा’ असे असावे.

मॅजिकब्रिक्स, ९९ एकर्ससारख्या पोर्टलवर तालुक्याच्या गावासाठी महागडे पॅकेज घेण्याआधी मोफत नोंद करून दोन महिने निकाल पाहावा. कोल्हापूर शहरातल्या सदनिकांसाठी ती उपयोगी पडतात. भुदरगडच्या शेतजमिनीसाठी क्वचितच. खर्चाचा हिशेब लाइक किंवा किती जणांनी पाहिले यावर करू नये. जागा पाहायला किती जण आले आणि विसार किती जणांनी दिला, हे दोनच आकडे वहीत लिहावेत.

चौकशी आल्यावर

पहिले उत्तर शक्य तितक्या लवकर द्यावे आणि त्यात पानाचा दुवा, सातबारा व जागा दाखवण्याचे दिवस असावेत. वेबसाइटवरच्या अर्जात नाव, नंबर, अंदाजे खर्चमर्यादा एवढेच विचारावे. माहिती कशासाठी वापरणार हे अर्जाखाली लिहावे आणि संमतीची खूण ग्राहकाला स्वतः करू द्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागे घेणाऱ्याचा नंबर यादीतून काढावा. बाजारात मिळणाऱ्या मोबाइल नंबरांच्या याद्या घेऊन फोन किंवा संदेश करणे टाळावे. ट्रायच्या नियमांनुसार अशा व्यापारी फोनबद्दल ग्राहक तक्रार करू शकतो आणि आपला नंबर बंद होऊ शकतो.

विसार ऑनलाइन घ्यायचा असेल तर तो मालकाच्या खात्यावर जावा आणि विसार पावती त्याच दिवशी दोन्ही बाजूंना मिळावी. एजंटाच्या खात्यावर मालकाचे पैसे घेण्याची पद्धत वादाचे मूळ ठरते.

ऑनलाइन फसवणूक

भाड्याच्या खोलीची जाहिरात टाकली की ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, जागा न पाहताच अनामत पाठवतो’ असा फोन येण्याची पद्धत देशभर आहे. पुढे क्यूआर कोड येतो आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. निवृत्त जवानांचा तालुका असल्याने या कथेवर येथे लवकर विश्वास बसतो, म्हणून घरमालकांनाही हे आधीच सांगून ठेवावे.

दुसरा प्रकार एजंटाच्या नावाचा. वेबसाइटवरची छायाचित्रे उचलून, दुसरा फोन नंबर घालून कमी किमतीत जाहिरात टाकली जाते आणि दूरच्या ग्राहकाकडून ‘टोकन’ उकळले जाते. छायाचित्रांवर कार्यालयाचे नाव आणि नंबर फिकट अक्षरांत टाकावा. ‘विसार फक्त मालकाच्या खात्यावर, कार्यालयात किंवा लेखी पावतीनंतरच’ ही ओळ प्रत्येक पानावर ठेवावी. बनावट जाहिरात दिसली तर त्या मंचावर तक्रार नोंदवून स्क्रीनशॉट जतन करावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.